मानाचा शब्द आणि धीराचा शब्द : ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती वाणीविचार

प्रास्ताविक

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यातील प्रांजळपणा, विनोद आणि घरगुती बोलीची सहजता यांचे मराठी समीक्षेने मुक्तकंठाने कौतुक केले आहे. धर्मांतराचा अनुभव आणि स्त्रीजीवनाचा दस्तऐवज या अंगांनीही या ग्रंथाचे विवेचन झाले आहे. मात्र एका माणसाने दुसऱ्याशी कोणत्या शब्दांत बोलावे, हा प्रश्न या ग्रंथात सतत वावरत असूनही त्याकडे स्वतंत्रपणे क्वचितच पाहिले जाते. ख्रिस्ती जीवनात धीर देणाऱ्या आणि मान देणाऱ्या शब्दाला जे स्थान आहे, त्याची मराठी संसारात झालेली पारख म्हणून ‘स्मृतिचित्रे’ वाचता येते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

संकल्पनेचे स्वरूप

बायबलमध्ये वाणीचा विचार ठिकठिकाणी येतो. जीवन आणि मरण या दोन्ही गोष्टी जिभेच्या स्वाधीन आहेत, असा नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायाचा आशय आहे. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय ज्या जिभेने देवाची स्तुती होते तिनेच माणसाला शाप दिला जातो, या विसंगतीवर बोट ठेवतो. या विचाराला चारित्र्याचे रूप मिळते ते प्रेषितांच्या कृत्यांतील बर्णबामध्ये. त्याच्या नावाचा उलगडा करताना योजलेल्या ग्रीक शब्दात धीर, सांत्वन, बोध आणि उत्तेजन हे सारे अर्थ एकवटले आहेत. पूर्वी छळ करणाऱ्या शौलावर यरुशलेममधील शिष्यांचा विश्वास बसेना, तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांपुढे नेले आणि त्याच्यासाठी शब्द टाकला. पुढे तार्सास जाऊन त्याने शौलाला शोधून काढले व अंत्युखियास आणले. येथे धीराचा शब्द म्हणजे गोड बोलणे नव्हे. दुसऱ्यासाठी स्वतःची पत पणाला लावणे होय.

आपल्या परंपरेलाही हा विचार परका नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तपाची लक्षणे सांगताना उद्वेग न आणणे, सत्य, प्रियता आणि हित या चारही गोष्टी एकत्र मागितल्या आहेत. सत्य व प्रिय यांचा मेळ घालणे किती कठीण आहे, याची जाणीव ‘तप’ या शब्दातच आहे.

रेल्वेतील सहप्रवासी

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्रातील एक प्रसंग सुपरिचित आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. काव्याविषयी बोलणे निघाले. त्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगाकडे बहुधा भाकिताच्या दृष्टीने पाहिले जाते. परंतु भाकितापूर्वी काय घडले, हेही महत्त्वाचे आहे. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा एक मनुष्य एका नोकरीच्या शोधातील ब्राह्मण कवीशी बरोबरीच्या नात्याने साहित्यावर बोलला. त्या काळच्या मिशनरी वाङ्मयात आणि त्याला दिलेल्या प्रत्युत्तरांत परधर्माच्या निंदेचा सूर कमी नव्हता. वादात हरवून टिळकांना कोणी जिंकले असते असे त्यांच्या स्वभावावरून वाटत नाही. मानाने झालेल्या संवादाने मात्र ते पुस्तक उघडले गेले.

न बोललेला शब्द

याच बाप्तिस्म्याची दुसरी बाजू ‘स्मृतिचित्रे’ निर्भीडपणे दाखवते. टिळकांनी एवढा मोठा निर्णय पत्नीला विश्वासात न घेता अमलात आणला. परिणामी लक्ष्मीबाईंना लहानग्या दत्तूसह काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. अनोळखी माणसाच्या शब्दाने ज्यांचे आयुष्य बदलले, त्यांनी घरच्या माणसाला द्यायचा शब्द दिला नाही. लक्ष्मीबाई या वेदनेवर पांघरूण घालत नाहीत. तसेच त्या वेदनेचे भांडवलही करत नाहीत.

पुन्हा एकत्र आल्यावरचा व्यवहार या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. लक्ष्मीबाई आरंभी आपले सोवळे पाळून राहिल्या आणि टिळकांनी त्यात आडकाठी केली नाही. धर्माची ज्यांना तळमळ होती, अशा शीघ्रकोपी माणसाला हा संयम सोपा गेला नसेल. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो जातिभेद माणसाने केला की देवाने, हा प्रश्न स्वतःशी सोडवून. येथे मान देण्याची रीत शब्दात नाही, तर आग्रहाचा शब्द मागे घेण्यात आहे.

उत्तेजन आणि त्याची किंमत

शाळेचे रीतसर शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाई कवयित्री आणि गद्यलेखिका झाल्या. यात टिळकांच्या उत्तेजनाचा वाटा आहे. पण तो गुळगुळीत कौतुकाचा नाही. थट्टा, वाद, रुसवे आणि चुका दाखवणे हे त्या सहजीवनाचे नित्याचे रूप होते. या उत्तेजनाची खरी कसोटी टिळकांच्या निधनानंतर लागली. त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्याचे आरंभीचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. उरलेले बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनी रचले. पुढे चिरंजीव देवदत्त यांच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहावयास घेतल्या. उत्तेजन देणारा निघून गेल्यावरही ज्याच्या बळावर काम चालू राहते, त्या शब्दालाच उत्तेजन म्हणता येईल.

बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) यांचे उदाहरणही येथे विचारात घ्यावे लागते. टिळकांनी या कोवळ्या कवीची प्रतिभा ओळखली. अहमदनगरच्या टिळक-घरात ठोंबरे मुलासारखे राहिले. त्यांनी धर्म बदलला नाही, तरी त्या घरातील त्यांचे स्थान ढळले नाही. मोबदल्याची अपेक्षा ठेवून दिलेले उत्तेजन हा एक प्रकारचा सौदाच असतो. टिळकांच्या घरातील शब्द सौद्याचा नव्हता, याची बालकवी ही जिवंत साक्ष होती.

‘टिळक’ : एका संबोधनाचा अर्थ

‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख सातत्याने ‘टिळक’ असा करतात. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीतून आलेली ही सोय आहे, असे म्हणून हा विषय संपत नाही. या आदरार्थी आडनावामुळे त्यांना पत्नी आणि चरित्रकार अशा दोन्ही जागांवरून बोलता येते. टिळकांचा विसराळूपणा, संताप, उधळा दानशूरपणा आणि घराकडे झालेले दुर्लक्ष या सर्व गोष्टी त्या सांगतात. तरी वाचकाच्या मनातील टिळकांची उंची कमी होत नाही. मृताविषयी केवळ चांगले बोलण्याचा संकेत त्यांनी पाळला असता तर एक स्तुतिपर चरित्र निर्माण झाले असते. दोषांसह माणूस उभा करूनही त्याचा मान राखता येतो, हे या ग्रंथाचे नैतिक यश आहे.

येथे मराठी भाषेचे एक वैशिष्ट्य नोंदवणे आवश्यक आहे. मराठीत मान ही केवळ भावना नसून व्याकरणाची बाब आहे. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांपैकी एकाची निवड केल्याशिवाय समोरच्याशी बोलताच येत नाही. ‘अरे’ की ‘अहो’ हे गावगाड्यात जातीवरून ठरत असे. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळींत पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातील लोक मोठ्या संख्येने होते. अशा समाजात ब्राह्मण घरातून आलेल्या स्त्रीने मिसळणे म्हणजे बोलण्याची संपूर्ण रीत नव्याने शिकणे होय. पेत्राच्या पहिल्या पत्रातील सर्वांना मान देण्याची आज्ञा मराठीत पाळायची, तर तिची सुरुवात सर्वनामापासून होते.

मर्यादा आणि प्रस्तुतता

या वाचनाची मर्यादाही मान्य करावयास हवी. टिळकांनी पत्नीला मान दिला असे सरसकट म्हणणे ‘स्मृतिचित्रे’च्याच साक्षीशी विसंगत ठरेल. बोलण्याचा आणि निर्णयाचा अधिकार त्या घरातही समान नव्हता. मानाचा शब्द सत्तेची विषमता आपोआप दूर करत नाही. टिळकांना हे मिशनच्या संदर्भात उमगले होते. भारतीय ख्रिस्ती माणसाचा स्वाभिमान त्यांनी लावून धरला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. घराच्या संदर्भात हेच उमगायला त्यांना अधिक वेळ लागला.

हा विचार आपल्या परिसराशी दोन प्रकारे जोडता येतो. एक तर आपण तुकाराम-पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती. त्या तुकोबांचे देहू आणि ज्ञानदेवांची आळंदी पिंपरी-चिंचवडला लागूनच आहेत. दुसरे असे की, १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाल्यापासून आजच्या चाकणपर्यंत ही औद्योगिक वसाहत बाहेरगावच्या कष्टकऱ्यांनी उभी केली आहे. कंत्राटी कामगार येथे पुष्कळदा नावाने नव्हे, तर ‘हेल्पर’ म्हणून किंवा हजेरीच्या क्रमांकाने ओळखला जातो. त्याची मुले, आणि पाळी संपवून येणारे काही कामगारही, आपल्या वर्गात बसतात. प्रेरणादायी व्याख्यानांची आज वाण नाही. परंतु त्या व्याख्यानांत श्रोत्याचे नाव वक्त्याला ठाऊक नसते. बर्णबाला शौलाचे नाव आणि गाव दोन्ही ठाऊक होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. ‘स्मृतिचित्रे’तील धीराचा शब्द स्तुतीहून वेगळा आहे, बोलणारा त्यासाठी स्वतः काही झीज सोसतो.

२. सत्य आणि मान यांचा विरोध अटळ नाही. टिळकांचे दोष सांगूनही लक्ष्मीबाई त्यांचा मान वाढवतात.

३. मान कधी आग्रहाच्या मौनातूनही प्रकट होतो. मात्र विश्वासात न घेण्याचे मौन हा अपमानच असतो. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात ही दोन्ही मौने आली आणि त्यांनी दोहोंची नोंद केली.

४. मराठी समाजात मानाचा प्रश्न संबोधनापासून सुरू होतो. म्हणून ख्रिस्ती वाणीविचाराचा अभ्यास धर्मशास्त्राइतकाच भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकांनीही करणे अगत्याचे आहे.

विद्यार्थ्याला नावाने हाक मारणे, त्याच्या उत्तरपत्रिकेतील चूक स्पष्ट सांगणे आणि तरीही हे त्याला जमेल अशी आपली खात्री त्याच्यापर्यंत पोहोचवणे, या तिन्ही गोष्टी अध्यापकाला एकाच वेळी कराव्या लागतात. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाकडे या दृष्टीने परतण्याची गरज आहे, ती त्यामुळेच.