कोळसा, कापूस आणि कागद : वर्धा खोऱ्यातील प्रदूषणविरोधी लोककृतीचे एक वाङ्मयीन वाचन

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. येथील बहुतांश भूमी बेसाल्ट खडकाची आणि पूर्णेच्या गाळाची आहे. कोळसा धारण करणारे गोंडवनी खडक पूर्वेस, वर्धा खोऱ्यात, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत लागतात. तरीही कोळसा या जिल्ह्याला अपरिचित नाही. शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर या स्थानकांवरून पश्चिमेकडे जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या येथील माणूस रोज पाहतो. शेगावच्या पूर्वेस, अकोला जिल्ह्यातील पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात आणि जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे भुसावळजवळ दीपनगरचे केंद्र आहे. बुलढाण्याच्या शेतातील पंप ज्या विजेवर चालतो, तिचा मोठा भाग कुणाच्या तरी खरवडलेल्या शेतातून आलेला असतो. हे भौगोलिक सत्य मराठी ग्रामीण साहित्याच्या वाचनात फारसे विचारात घेतले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात कोळसा प्रदूषणाविरुद्धच्या लोककृतीचा विचार वाङ्मयाच्या अंगाने करावयाचा आहे. या लोककृतीने निर्माण केलेली कागदपत्रे, म्हणजे जनसुनावणीची इतिवृत्ते, ग्रामसभांचे ठराव आणि हरकतींचे अर्ज, ही समीक्षेने वाचावयाची संहिता आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

ग्रामीण कादंबरीची सीमा

बुलढाणा जिल्ह्याने मराठीला दिलेली महत्त्वाची कादंबरी म्हणजे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२). साहित्य अकादमीने २००४ मध्ये तिचा गौरव केला. शिकून बेकार राहिलेला एकनाथ आणि त्याचे शेतकरी कुटुंब यांच्याद्वारे देशमुखांनी कोरडवाहू शेतीची कोंडी ज्या बारकाव्याने मांडली, तिला तोड नाही. पाऊस, बाजारभाव, कर्ज आणि नोकरीचा बाजार ही या कोंडीची कारणे कादंबरीत स्पष्टपणे येतात. तिच्यात कोळसा नाही, हा तिचा दोष मानण्याचे कारण नाही. लेखकाने आपल्या मातीशी इमान राखले आहे. प्रश्न समीक्षेचा आहे. ‘बारोमास’ला आपण वैदर्भीय शेतकऱ्याची प्रातिनिधिक कादंबरी म्हणतो, तेव्हा घुग्घुस, माजरी, वणी या पट्ट्यातील कापूसउत्पादक त्या प्रतिनिधित्वातून नकळत वगळला जातो. त्याच्याही शेतात कापूसच असतो; परंतु वाहतुकीच्या रस्त्यालगत बोंड फुटले की त्यावर कोळशाची भुकटी बसते आणि बाजारात त्या कापसाची प्रत उतरते. खामगावच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे इतिहासातील एक साम्य नोंदविण्यासारखे आहे. जलंब ते खामगाव ही रेल्वेशाखा १८७० मध्ये कापसासाठी सुरू झाली. त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्याकडे लोहमार्ग गेला तो कोळशासाठी. वऱ्हाडचा कापूस आणि वर्धा खोऱ्याचा कोळसा एकाच वसाहतिक व्यवस्थेत गुंफले गेले. आपल्या वाङ्मयेतिहासात मात्र कापसाला कादंबरी मिळाली आणि कोळसा बाहेर राहिला.

धरणाच्या विस्थापनाने मराठी कादंबरीत आपले स्थान निर्माण केले आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आणि अलीकडे कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ यांची नावे सहज घेता येतील. हिंदीत संजीव यांनी ‘सावधान! नीचे आग है’ लिहिली, बंगालीत शैलजानंद मुखोपाध्याय यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच कोळसाखाणीतील मजुराला कथेत आणले. मराठीत ‘कोळशाची कादंबरी’ ही समीक्षेची रूढ कोटी झालेली नाही. अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये खनिज तेलाविषयी हाच प्रश्न विचारला होता : ज्या पदार्थावर युग उभे आहे, तो ललित साहित्यात इतका अल्प का? तेलाच्या बाबतीत उत्पादक आणि उपभोक्ता यांच्यात समुद्र असतो. आपल्याकडे अंतर एका लोहमार्गाचे आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला अधिक अडचणीचा ठरतो.

‘करण्यात येईल’

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार खाण किंवा वीजकेंद्राच्या प्रस्तावावर प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते. किमान ३० दिवस आधी सूचना प्रसिद्ध करावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो आणि सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. मूळ अहवाल इंग्रजीत, बहुधा शेकडो पृष्ठांचा असतो. ज्याच्या विहिरीचा प्रश्न आहे, त्याच्या हाती मराठीत येतो तो फक्त सारांश.

या सारांशाच्या मराठीकडे भाषाभ्यासकाने पाहावे. तिचे प्रमुख क्रियापद आहे ‘करण्यात येईल’. पाणी फवारण्यात येईल, हरितपट्टा विकसित करण्यात येईल, आवश्यक त्या उपाययोजना करण्यात येतील. या वाक्यांना कर्ता नाही आणि काळ सदैव भविष्याचा आहे. परिणाम ‘नगण्य’ किंवा ‘मर्यादेत’ असतो. आपल्या पदवीवर्गात कर्मणी प्रयोग शिकविताना रामाने रावण मारला जातो. त्याच्या जोडीस असा एखादा सारांश ठेवला, तर कर्ता लोपल्याने काय साधते हे विद्यार्थ्याला अधिक चटकन उमगेल.

याउलट हरकतीची भाषा पाहावी. तीत कर्ता असतो, बहुधा प्रथमपुरुषी. स्थळ असते, काळ भूत किंवा चालू वर्तमान असतो. विहिरीचे पाणी कोणत्या वर्षापासून खाली गेले, सुरुंगाने कोणत्या भिंतीला तडा गेला, राखेचा तलाव गावापासून किती अंतरावर आहे, असा तपशील तीत येतो. हे लेखन घाईचे, अशुद्ध आणि पुनरुक्तीने भरलेले असते. परंतु वास्तववादी कादंबरीकडून आपण ज्या स्थलकालनिष्ठेची अपेक्षा करतो, ती येथे विनासायास सापडते. दलित आत्मकथनांच्या बाबतीत मराठी समीक्षेला आपले शुद्धतेचे निकष एकदा बदलावे लागले होते, हे येथे विसरता येत नाही.

या भाषेने काही वेळा निर्णय फिरविले आहेत. ताडोबालगतच्या लोहारा कोळसा खाणीविरुद्ध चंद्रपुरात उभा राहिलेला विरोध आणि २००९ मधील बंडू धोतरे यांचे उपोषण यांनंतर त्याच वर्षी तो प्रस्ताव थांबला. चिमूरजवळील बंदर कोळसाखंड जून २०२० च्या लिलावसूचीत होता. विरोधानंतर जुलैमध्ये तो वगळण्यात आला. नागपूर जिल्ह्यातील नांदगाव येथे राखेच्या तलावाविरुद्धच्या तक्रारींना २०२१ मध्ये स्थानिक संस्थांच्या पाणीतपासणीची जोड मिळाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे राख टाकणे थांबविण्याचा आदेश निघाला. चंद्रपूरचे चित्र मात्र निराळे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथ्या क्रमांकावर होते. त्यानंतर कृती आराखडे झाले. वीजकेंद्रांच्या गंधक उत्सर्जनाचे डिसेंबर २०१५ चे निकष वारंवार लांबणीवर पडले आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना त्यासाठीच्या यंत्रणेतून सूट मिळाली. ‘करण्यात येईल’ या क्रियापदाची इतकी समर्पक परिणती क्वचितच आढळते.

एकाच तोंडाची दोन वाक्ये

लोहारा आणि बंदर येथील विरोध एकसुरी होता. खाण अद्याप यायची होती, वाघ आणि जंगल यांचा पक्ष स्पष्ट होता. वणी किंवा राजुरा परिसरात परिस्थिती तशी नाही आणि अभ्यासकाला खरी अडचण तेथेच येते. तेथील एकच वक्ता धुळीने श्वास कोंडतो असे सांगतो आणि त्याच निवेदनात मुलाला खाणीत नोकरी मागतो. प्रशासन याकडे विसंगती म्हणून पाहते. बाहेरून आलेला कार्यकर्ताही पुष्कळदा दुसरे वाक्य सोडून देतो आणि पहिले तेवढे उद्धृत करतो.

ही विसंगती समजण्यासाठी पुनर्वसनाचा हिशेब पाहावा लागतो. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दर दोन एकर जमिनीमागे एक नोकरी, असे सूत्र आहे. जमीन गेलेल्या कुटुंबासाठी नोकरी ही जमिनीची किंमत आहे. ज्याच्याकडे दोन एकरांहून कमी जमीन होती आणि ज्याच्याकडे जमीनच नव्हती, तो शेतमजूर या सूत्रात बसत नाही. तो बहुधा मातीचे थर काढणाऱ्या कंत्राटदाराकडे जातो. खाण नको असे त्याने म्हणावे, तर रोजगार जातो. खाण हवी असे म्हणावे, तर घरातील दम्याचा रुग्ण डोळ्यासमोर असतो. ठरावाला एक बाजू घ्यावी लागते. कादंबरी ही दोन्ही वाक्ये एका पात्राच्या तोंडी ठेवू शकते. ‘बारोमास’मधील एकनाथ शेती आणि नोकरी यांच्यामध्ये असाच अडकलेला आहे, आणि म्हणूनच वणीच्या या वक्त्याचे वाचन करण्याची तयारी बुलढाण्याच्या वाचकाजवळ आधीपासून आहे, असे मला वाटते.

‘न्याय्य संक्रमण’ हा शब्द अलीकडे परिसंवादांतून ऐकू येतो. तो भाषांतरातून आला आहे आणि त्याला अद्याप बोलणारा मिळालेला नाही. कोळशापासून दूर जाण्याचा लाभ कुणाला आणि झीज कुणाला, हे त्यातून कळत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे ठरले. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला दिवसा वीज आणि पडीक जमिनीचे उत्पन्न अशा ठोस भाषेत हे संक्रमण सांगता येते. कंत्राटी खाणकामगाराला ते अशा कोणत्या आकड्यात सांगावयाचे, याचा उच्चार परिसंवादांत सहसा होत नाही. ही विषमता एकाच विदर्भातील आहे, म्हणून येथील विद्यापीठीय वर्तुळाने ती दूरची समजू नये.

खाण बंद होणे विदर्भाला नवे नाही. वरोऱ्याची खाण १९०६ मध्येच बंद झाली. आज वरोरा म्हटले की आनंदवन आठवते, आणि ते योग्यच आहे; पण खाण गेल्यावर तेथील मजुरांचे काय झाले, ही कथा आपल्या स्मरणात उरलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथे जुन्या भूमिगत खाणीवरील एक घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने वाचली आणि आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. बंद खाण अशा रीतीने जमिनीखाली टिकून राहते. २००९ पासून प्रत्येक कोळसाखाणीला बंदीकरणाचा आराखडा आणि त्यासाठी राखीव निधी बंधनकारक आहे. हे आराखडे वाचताना त्यांत भराव, वृक्षलागवड आणि पाण्याचे साठे किती पानांत येतात आणि माणसे किती ओळींत, हे मोजणे अवघड नाही.

या संहितांचा मोठा भाग उपलब्ध आहे. जनसुनावणीची इतिवृत्ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रसिद्ध करते; ग्रामसभांचे ठराव ग्रामपंचायतींच्या दप्तरात असतात. मराठी, अर्थशास्त्र आणि भूगोल या विभागांनी मिळून एका तालुक्यापुरते, उदाहरणार्थ वणीपुरते, २००६ नंतरच्या इतिवृत्तांचे संकलन केले, तर पदव्युत्तर प्रबंधिकेस पुरेसा विषय होईल. त्यात वक्त्याचे मूळ बोलणे आणि नोंदविलेला गोषवारा यांतील फरक प्रथम तपासावा. वऱ्हाडी, झाडीबोली आणि तेलुगू-मिश्रित बोलणे प्रमाण मराठीत नोंदविताना पहिल्यांदा काय गळते, हे ठरविण्यासाठी सुनावणीचे ध्वनिचित्रमुद्रणही मागविता येते, कारण अधिसूचनेनेच ते बंधनकारक केले आहे.