पक्ष्यांची छायाचित्रे : चौकटीत काय, चौकटीबाहेर काय?

काळी पाठ, पांढरे पोट, नारिंगी पाय आणि रंगीत, चपट्या चोचीत आडवे धरलेले आठदहा चंदेरी मासे. हे छायाचित्र दिनदर्शिकेवर भेटते, तक्त्यावर भेटते, आता विद्यार्थ्यांच्या हातातल्या मोबाइलवरही भेटते. हा पफिन. तो उत्तर अटलांटिक महासागराचा रहिवासी. आपल्याकडे तो येत नाही. बीड जिल्हा तर समुद्रापासून सुमारे ३०० किलोमीटर आत. तरीही तिथल्या शाळेतला एखादा विद्यार्थी पफिनला झटकन ओळखेल, आणि गोदावरीवर उडणाऱ्या सुरयाला ‘बगळा’ म्हणून मोकळा होईल. दोष त्याचा नाही. आपण त्याला कोणती चित्रे दाखवतो आणि ती कशी पाहायला शिकवतो, याचा हा परिणाम आहे.

कवितेचे रसग्रहण वर्गात होते, धड्यावर प्रश्न विचारले जातात. छायाचित्राला मात्र कोणी प्रश्न विचारत नाही. कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण धरून चालतो. म्हणून समुद्रपक्ष्यांच्या आणि त्यांच्या नदीवरच्या भाऊबंदांच्या लोकप्रिय छायाचित्रांची समीक्षा करावी, असे आम्हांला वाटले. कसोट्या दोनच. चित्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते? आणि ते मिळवताना पक्ष्याला काय मोजावे लागले?

पफिन : वर्षातले चार महिने

पफिनचे ते चित्र देखणे आहे, यात वाद नाही. पण ते काय लपवते ते पाहा. चोचीवरचे भडक रंग विणीच्या हंगामापुरते असतात. हंगाम संपला की चोचीवरची रंगीत आवरणे गळून पडतात, चेहरा करडा होतो आणि पक्षी खुल्या समुद्रावर निघून जातो. वर्षातला मोठा काळ तो किनाऱ्याला पायही लावत नाही. पाण्याखाली तो पंख वल्ह्यांसारखे मारीत माशांचा पाठलाग करतो. यांतले काहीच त्या चित्रात नाही. चित्रात आहे तो कड्यावरच्या हिरवळीवर उभा असलेला पक्षी, कारण माणसालाही उभे राहता येते ते तिथेच. छायाचित्रकार जिथे पोहोचू शकतो, तिथलाच पक्षी आपल्याला दिसतो. आणि तेच त्याचे सगळे आयुष्य, अशी समजूत होऊन बसते.

आता चोचीतले मासे. पफिनची मादी हंगामात एकच अंडे घालते. पिलू जमिनीतल्या बिळात असते, आणि आईबाप चोच भरून मासे आणतात ते त्याच्यासाठी. बिळाजवळ माणूस उभा असेल तर पक्षी उतरायला कचरतो, घिरट्या घालत राहतो. तेवढ्या वेळात कुरव त्याच्या चोचीतला घास पळवू शकतात. म्हणजे आपल्याला आवडणाऱ्या चित्रातला प्रत्येक मासा कोणाच्या तरी जेवणाच्या वाटेवर असतो. छायाचित्रकार किती अंतरावर होता, हा प्रश्न त्यामुळे शिष्टाचारापुरता राहत नाही.

याच चित्राचा दुसरा उपयोगही झाला आहे. ब्रिटनमधील पक्षी-संरक्षण संस्था आरएसपीबी हिने २०१७ साली लोकांना आवाहन केले : चोचीत मासे असलेल्या पफिनची छायाचित्रे आम्हांला पाठवा. शेकडो लोकांनी हजारावर छायाचित्रे पाठवली. चोचीच्या मापाशी तुलना करून माशांचा आकार काढता येतो; कोणत्या बेटावर पिलांना कोणते मासे मिळतात, हे त्यावरून अभ्यासकांनी तपासले. पफिनच्या आहारातला सँडईल हा मासा किती महत्त्वाचा आहे, हे अनेक वर्षांच्या अभ्यासांतून पुढे आले होतेच. २०२४ साली ब्रिटनने उत्तर समुद्रातल्या आपल्या हद्दीत सँडईलची मासेमारी बंद केली. हे सर्व छायाचित्रांनी घडवले असे आम्ही म्हणत नाही. पण एरवी कौतुकापुरते उरणारे चित्र, ठिकाण आणि तारीख जोडल्याबरोबर पुरावा होते, हे ध्यानात घ्यावे.

टिटवीचा चुलतभाऊ

शिक्षक म्हणतील, हे सगळे दूरदेशीचे झाले. पण नाते तितके दूरचे नाही. पफिन, कुरव, सुरय आणि आपल्या शिवारातली टिटवी हे सारे पक्षी एकाच गणात येतात. ‘टिटवीही समुद्र आटविते’ ही म्हण आपण सहज वापरतो. टिटवीचे समुद्राशी असलेले हे नाते मात्र वर्गात सांगत नाही.

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. वर पैठणला जायकवाडीचा जलाशय आहे. १९८६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. जिल्ह्यातच सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण आहे. मराठवाड्यातल्या अशा मोठ्या जलाशयांवर नदी सुरय दिसतो : डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, तांबडे पाय, खोलवर दुभंगलेली शेपटी. समुद्रावरच्या सुरयांचा हा सख्खा नातेवाईक गोड्या पाण्यावर राहतो. साधारण मार्च ते मे या काळात, पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यांवर आणि जलाशयातल्या बेटांवर तो अंडी घालतो. घरटे म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा. जागतिक पातळीवर हा पक्षी आता धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत, ‘असुरक्षित’ या वर्गात आहे.

‘रौद्र रूप’ की घाबरलेली आई?

सुरयाचे एक छायाचित्र फार लोकप्रिय आहे. पंख पूर्ण पसरलेले, चोच उघडी, पक्षी थेट कॅमेऱ्यावर झेपावतो आहे. खाली मथळा असतो ‘हल्ला’ किंवा ‘रौद्र रूप’. तांत्रिकदृष्ट्या चित्र उत्तम असते : डोळ्यात उजेडाचा ठिपका, प्रत्येक पीस सुटे, मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ.

पण ते वाचून पाहा. पक्षी अंगावर येतो, याचा अर्थ त्याने अंडी सोडली आहेत. मे महिन्यात बीडचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उन्हातली वाळू ५० अंशांच्याही पुढे तापलेली असते. अंड्यातल्या गर्भाला साधारण ३७-३८ अंश मानवतात. ४१ अंशांच्या वर तो फार काळ तग धरू शकत नाही. म्हणूनच भर उन्हात सुरय अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. सुरय, टिटवी यांसारखे पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी थंड ठेवतात. अशा वेळी दहा मिनिटे चाललेले छायाचित्रण त्या तीन अंड्यांच्या जिवावर उठू शकते. मथळा ‘हल्ला’ म्हणतो. पण हल्ला कोणी कोणावर केला?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. बंदूक हाती न घेताही शिकार होते, हे कायद्याने फार पूर्वी ओळखले. आपल्या मथळ्यांना ते अजून उमगलेले नाही.

भिंग काय वगळते?

दुसरा आक्षेप भिंगाबद्दल आहे, आणि तो वर्गात तपासता येतो. चार्टपेपरची ६० सेंटिमीटर लांब, साडेतीन सेंटिमीटर व्यासाची नळी करा आणि एका टोकाला डोळा लावून मैदानाकडे पाहा. ६०० मिलिमीटरच्या भिंगातून पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्याला जवळपास इतकेच दिसते : जेमतेम साडेतीन अंशांचा कोन. ५० मीटरवर हा पट्टा सुमारे ३ मीटर रुंदीचा होतो. आता नळी काढा, आणि काय काय राहून गेले त्याची यादी करा.

सुरयाच्या चित्रातही हेच घडते. शेजारची घरटी, पाण्याला आलेली गुरे, कुत्र्यांची टोळी, वाळू भरणारा हायवा हे सगळे त्या ३ मीटरांच्या बाहेर राहते. उरते त्याची धूसर पार्श्वभूमी होते. पक्षी सुंदर दिसतो, पण तो ज्या वाळूवर जगतो ती वाळू चित्रातून उपसली जाते. प्रत्यक्षात वाळूचा उपसा चालू असताना चित्रातही ती नसावी, हा योगायोग आम्हांला खटकतो.

पूर्वी असे नव्हते. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचे, अंड्यांसह छायाचित्र घेतले. १८९६ साली ते स्कॉटलंडपलीकडच्या सेंट किल्डा बेटांवर गेले. तिथले लोक पफिन आणि इतर समुद्रपक्षी पकडून खात. कीर्टनांनी पक्ष्यांबरोबर त्या माणसांचीही छायाचित्रे छापली. पक्षी बुजू नयेत म्हणून पोकळ बैलात लपून त्यांनी चित्रे घेतली, आणि त्या बैलाचेही चित्र वाचकांना दाखवले. ते निर्दोष होते असे नाही. पण चित्र कसे मिळवले हे त्यांनी झाकून ठेवले नाही. आजची भिंगे कितीतरी सरस आहेत. हा मोकळेपणा मात्र विरळा.

तक्त्यांची तऱ्हा वेगळीच. शाळेत टांगलेल्या पुष्कळशा तक्त्यांवर चिमणी आणि शहामृग सारख्याच चौकटीत बसतात. पफिन चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम ३० सेंटिमीटर भरतो, हे त्या चित्रावरून कोणाला कळावे? डॉ. सालिम अली यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात चित्रे रंगवलेली होती, पण प्रत्येक पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून सांगितला होता. ती युक्ती तक्ता छापणाऱ्यांना अवघड नाही.

वर्गासाठी चार प्रश्न

आमचा छायाचित्रणाला विरोध नाही. लपण उभारून, अंतर राखून, तासन्‌तास वाट पाहून घेतलेल्या चित्रांनी पक्षिशास्त्राला फार दिले आहे. घरट्यापासून दूर, मासा पकडणाऱ्या किंवा काठावर पिसे साफ करणाऱ्या सुरयाची चित्रे कितीही घ्यावीत. आमचा आग्रह एवढाच, की पक्ष्याचे कोणतेही चित्र समोर आले की विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत. हे कुठे आणि कधी घेतले? पक्षी या क्षणी काय करतो आहे, आणि आपण नसतो तर काय करत असता? चौकटीच्या डावीउजवीकडे काय असेल? पक्ष्याचे खरे माप किती?

शाळा जलाशयाजवळ असेल तर मुलांनी काठावरूनच, साध्या मोबाइलवर चित्र घ्यावे. पक्षी ठिपक्याएवढा येईल, येऊ द्या. पण त्यात पाण्याची रेषा येईल, उघडा पडलेला गाळ येईल, गुरे येतील, माणसे येतील. खाली तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. दर महिन्याला त्याच जागेवरून असे एक चित्र घेतले, तर वर्षाअखेर शाळेच्या भिंतीवर त्या पाण्याची बारा चित्रांची नोंद उभी राहील. पाणी केव्हा उतरले, बेट केव्हा उघडे पडले, सुरय केव्हा आले, हे ती सांगेल. स्पर्धेत तिला बक्षीस मिळणार नाही. पण दहा वर्षांनी कोणी विचारले, की इथे सुरय होते का, तर उत्तर द्यायला ती उपयोगी पडेल; चोचीत मासे धरलेला पफिन नव्हे.