कूटसूत्राचे समर्थन

शब्दकोड्यातील कूटसूत्राचे उत्तर सापडणे आणि त्या उत्तराचे समर्थन होणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिली केवळ तर्कानेही साधते. सूत्रकाराची परीक्षा होते ती दुसरीत. ‘उलटी फिरलेली नदी बापुडवाणी’ हे आम्ही रचलेले दोन अक्षरांचे सूत्र घ्या. ‘बापुडवाणी’ हा अर्थनिर्देश. ‘नदी’ची अक्षरे उलट क्रमाने वाचली असता ‘दीन’ हे उत्तर लाभते. एकही शब्द शिल्लक राहत नाही. ‘उलटी फिरलेली’ऐवजी ‘दूरची’ म्हटले असते, तर उत्तर कदाचित सुचले असते, पण सिद्ध झाले नसते.

लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचणारे ‘टॉर्केमाडा’ म्हणजे एडवर्ड पॉइस मॅदर्स (बिल्हणाची चौरपंचाशिका इंग्रजीत आणणारे ते हेच) कल्पक खरे, परंतु या बाबतीत सैल. १९३९ साली ते निवर्तल्यावर आलेल्या डी. एस. मॅकनट ऊर्फ ‘झिमेनीझ’ यांनी १९६६च्या आपल्या ग्रंथात दंडक घातला: अर्थनिर्देश, शब्दघटनेचा निर्देश, अधिक काही नाही. हा दंडक अनेकांस जाचक वाटतो. आम्हांस तो न्याय्य वाटतो. वाचकास चकविण्याचा अधिकार सूत्रकारास त्यानेच मिळतो.

दंडीने काव्यादर्शात सोळा प्रहेलिका सांगितल्या. पूर्वाचार्यांच्या चौदा दुष्ट प्रहेलिकांचा मात्र, दोष अगणित म्हणून, नुसता उल्लेख केला. मॅकनट यांनी सदोष सूत्रांचीही चिकित्सा केली, हे अभ्यासकास अधिक उपयोगी.

मराठीत हा दंडक आणताना एकक अक्षर की वर्ण, हे आधी ठरविले पाहिजे. वर्णशः उलटल्यास ‘नदी’चे ‘दीन’ नव्हे, ‘ईदन्’ होते.