चौकातून पाहिलेले सत्तावन्न

१८५७च्या दीडशेव्या वर्षी, २००७ मध्ये, ब्रिटिश सैनिकांचे वंशज स्मरणासाठी लखनौला आले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध निदर्शने झाली. रेसिडेन्सीतील थडग्यांवर नावे आहेत. समोरचे बंडवाले बहुतांशी निनावीच राहिले. चौकात राहणाऱ्या अमृतलाल नागरांनी ही उणीव फार पूर्वी ओळखली होती. अवधमध्ये हिंडून त्यांनी लोकांच्या आठवणी ‘गदर के फूल’मध्ये (१९५७) गोळा केल्या, शिवाय विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हिंदीत नेला. ही निवड मला मार्मिक वाटते. गोडसे सैनिक नव्हेत. दक्षिणेच्या आशेने निघालेले वरसईचे भिक्षुक, झाशीच्या वेढ्यात सापडलेले. घरी परतल्यावर कित्येक वर्षांनी, केवळ स्मृतीच्या आधारे, त्यांनी ती रणभूमी पुन्हा पाहिली. (त्यांचा ऐकीव भाग मी इतिहास म्हणून वाचणार नाही.) स्वतः पाहिलेल्या झाशीत मात्र शौर्याबरोबर लूट, भय आणि जीव वाचवण्याची धडपडही ते संकोच न करता नोंदवतात.