खंजिरावरचं नाव आणि खंजिराचं गाव

(वसमत येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या वेळी आपण दगडावरच्या लेखांपाशी थांबलो होतो. आज लेख पोलादावरचा. इथल्याच परिसरातल्या एका घरातून आमच्याकडे खंजिराचे फोटो आले. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की हा लढाईत शत्रूकडून जिंकला. एका विक्रेत्याने पात्यावरची अक्षरं वाचून सांगितलं, हा इस्फहानचा, शाह अब्बासच्या काळातला, विकायचा असेल तर बोला. घरच्यांचा प्रश्न साधा होता, की यातलं खरं काय?

विक्रेत्याने वाचलं ते बरोबरच. ‘अमल-ए-असदुल्लाह’, म्हणजे असदुल्लाहचं काम. आमचं भांडण त्याच्या वाचनाशी नाही, त्यावरून त्याने मारलेल्या उडीशी आहे. असदुल्लाह इस्फहानी हे नाव इराणात आणि हिंदुस्थानात इतक्या पात्यांवर सापडतं, आणि सोबतचे सन इतके लांबवर पसरलेत, की ते एका माणसाच्या आयुष्यात मावत नाहीत. ते नाव म्हणजे एक छाप झाली होती. युरोपातही तेच, ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन नाव भलत्याच गावच्या पात्यांवर कोरलेलं असतं. आपल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. उद्या कुणी परगावची हळद ‘वसमत’ छापलेल्या पोत्यात भरली, तर इथला व्यापारी पोतं वाचत बसेल की हळकुंड मोडून बघेल? (हशा)

तर हळकुंड मोडायचं. आधी अक्षरं बसवली कशी ते पाहायचं. तहनिशानात पोलादात चर खोदून त्यात सोनं ठोकून बसवतात. कोफ्तगिरीत पृष्ठभागावर बारीक आडव्याउभ्या रेघा मारून त्यावर सोन्याची तार ठोकतात, आणि हे काम पातं घडल्यावर शंभर वर्षांनीही करता येतं. १९व्या शतकात प्रदर्शनांसाठी आणि साहेबलोकांसाठी अशी सजावट पुष्कळ झाली. आमच्या फोटोतलं सोनं कोफ्तगिरीचं दिसतं, काही ठिकाणी उडून खालच्या रेघा उघड्या पडल्यात. म्हणजे पात्याचं वय आणि अक्षरांचं वय एकच, असं धरून चालता येत नाही.

त्याच पात्यावर एका चौकोनात चार आकडे आहेत, ८, ६, ४, २. घरातला कॉलेजातला मुलगा म्हणाला, हा सन असेल. बिचाऱ्याचा काय दोष! अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला किंमत असते. ब म्हणजे २, द ४, व ६, ह ८, मिळून ‘बुदूह’. हे रक्षणासाठीचं यंत्र. त्याच्या पणजोबांच्या पिढीतली माणसं उर्दूत शाळा शिकली होती, त्यांना निदान अक्षरं लागली असती.

खरा सन खाली आहे, पुसट, १२४०. इथे देवनागरीची सवय घात करते. अरबी-फारसी लिपीत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल. त्यामुळे आपला माणूस १२४५ला बेधडक १२४० वाचतो. इथे ठिपका आहे, म्हणून १२४०च. पण कुठला? हिजरी असेल तर इसवी १८२४-२५. दख्खनी फसली असेल तर ५९० मिळवायचे, १८३०-३१. मराठी कागदांत चालणारा शुहूर सन धरला तर १८३९-४०. आम्हाला हिजरी जास्त संभवतो असं वाटतं, पण तिन्हींत काहीही घ्या, शाह अब्बासला जाऊन दोनशे वर्षं होत आलेली किंवा उलटलेली. विक्रेत्याने नाव वाचलं, सन वाचला नाही. की वाचून गिळला, देव जाणे.

आता त्या ‘शत्रू’चं. अरबी अक्षरं म्हणजे मुसलमान मालक, आणि तो आमच्या घरात आला म्हणजे लुटीचा, हा हिशेब फार सोपा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५मध्ये लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार घेतली. पातं युरोपी, त्यावर सोन्याने देवनागरी लेख, आणि पदवी ‘सेनासाहेबसुभा’. त्यात सेना संस्कृत, साहेब आणि सुभा अरबीतून आलेले. आणि निजामाच्या मुलखात, जिथे दरबारी कागद फारशीत होता आणि अरब शिपाई निजामाच्या, मराठ्यांच्या, जहागीरदारांच्याही पगारावर होते, तिथे एखाद्या देशमुखाने आपल्याच पैशाने असा खंजीर घेतला असेल तर नवल काय? घरच्यांना हे ऐकून थोडं वाईट वाटलं. पराक्रम गेला, खरेदी उरली!

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १६व्या शतकाच्या उत्तरार्धातला एक दख्खनी खंजीर आहे. त्याची ओळख अक्षरांवर नाही, मुठीवर उभी आहे. सोनेरी मुलाम्याच्या तांब्यात माणकं जडवलेली, आणि ड्रॅगन, सिंह, हरीण, पक्षी एकमेकांवर तुटून पडलेले. घडणीवरून अभ्यासकांनी त्याला दख्खनेत आणला, आणि पाटीवर लिहिलं ‘विजापूर किंवा गोवळकोंडा’. तो ‘किंवा’ आम्हाला विक्रेत्याच्या अख्ख्या भाषणापेक्षा मोलाचा वाटतो.

आमच्या खंजिराची मूठ फोटोत नीट दिसत नाही. शिवाय दरवर्षी खंडेनवमीला पातं राखेने घासून लख्ख करतात, त्यात डावीकडची एक ओळ जवळजवळ गेलीच आहे. यंदा नुसत्या कोरड्या फडक्याने पुसा, आणि दुसऱ्या बाजूचा, मुठीचा फोटो तिरप्या उजेडात काढून पाठवा, एवढं कळवलंय. विकायचं तूर्त थांबवलंय म्हणाले. फोटो अजून यायचाय.