हिशेबाची वही आणि ऐकीव पुरावा : एक चिकित्सा

ज्याने घटना पाहिली त्याने न्यायालयात येऊन सांगावे व उलटतपासणीस सामोरे जावे, हा पुराव्याच्या कायद्याचा सामान्य दंडक होय. या कसोटीवर हिशेबाची वही ऐकीव पुराव्यातच मोडेल. कागदाची उलटतपासणी होत नाही. तरीही १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने, कलम ३४ अन्वये, धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वह्यांस न्यायालयाचे दार उघडे केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये तीच तरतूद आहे. इलेक्ट्रॉनिक वह्यांचाही तीत समावेश झाला आहे. मात्र केवळ अशा नोंदीवरून कोणावरही देणे लादता येत नाही, ही मर्यादा दोन्ही कायद्यांत आहे.

या अपवादाचे समर्थन असे केले जाते की, रोजच्या रिवाजाने लिहिणाऱ्यास खोटे लिहिण्याचे प्रयोजन नसते. हे समर्थन कोठवर टिकते, हे बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या ठिकाणी पारखता येते. येथे सहकारी साखर कारखाना आहे; आणि याच जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. साहजिकच येथे दोन प्रकारच्या नोंदी शेजारी शेजारी नांदतात.

पहिली वजनकाट्यावरील. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून उसाचे वजन ठरते. शेतकऱ्याचे बिल, तोडणी-वाहतुकीचा हिशेब आणि कारखान्याचे गाळप यांचा आधार तोच आकडा असतो. काट्यात खोट असू शकते. परंतु तो आकडा अनेकांच्या नजरेखालून जातो, आणि त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात.

दुसरी मुकादमाच्या वहीतील. एका कोयत्यास, म्हणजे बहुधा पतिपत्नीच्या जोडीस, दिलेली उचल, पुढे दिलेली खर्ची आणि फिटलेली मजुरी तीत लिहिली जाते. येथे लिहिणारा व धनको एकच असतो. मजुराजवळ पुष्कळदा प्रतही नसते. वही नियमित असेल. पण नियमितपणा हा लेखनाच्या सवयीचा पुरावा आहे, लेखनाच्या सत्यतेचा नव्हे.

‘केवळ नोंद पुरेशी नाही’ या शब्दांचे मोल येथे कळते. चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहाटी बँक या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या खात्यासही हाच नियम लावला. जैन हवाला प्रकरणातील १९९८ च्या निर्णयात सुटे कागद ‘वही’ या संज्ञेत बसत नाहीत असे ठरले, आणि वहीतील नोंदींनाही स्वतंत्र पुराव्याची जोड आवश्यक मानली गेली.

तथापि ही जोड कोणत्या प्रतीची असावी, याविषयी कलम मौन आहे. उणीव आहे ती येथे. रक्कम स्वतः दिल्याचे मुकादमाने शपथेवर सांगितल्यास तो पुरावा खरा. पण तो वही वाचूनच बोलत असेल, तर वहीने वहीलाच साक्ष दिली असे होते. म्हणून नोंदीचे वजन ठरविताना तीन प्रश्न विचारले जावेत : लिहिणाऱ्याचा स्वार्थ कोणता, विरुद्ध पक्षास नोंद वेळीच पाहता आली काय, आणि व्यवहाराची दुसरी खूण, पावती वा बँकेतील भरणा, उपलब्ध आहे काय. या कसोटीस काट्याची पावती सहसा उतरेल; मुकादमाची वही क्वचितच. इलेक्ट्रॉनिक वहीसही हेच लागू. यंत्राने अक्षर सुवाच्य होते, लिहिणाऱ्याचा हेतू बदलत नाही.

वहीस न्यायालयात प्रवेश देणे व्यवहारास अपरिहार्य आहे. पण ज्याचे देणे ठरावयाचे त्यास वाचता न आलेल्या वहीवरून ते ठरविणे, हा न्याय नव्हे.