चौथ्या शुभवर्तमानातील ऐक्य आणि स्त्रीची साक्ष

ख्रिस्ती शुभवर्तमानांची कथा मराठीला परकी नाही. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोमंतकात ती ओवीबद्ध केली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ 1919 साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. या तीन उद्योगांपैकी दोहोंत स्त्रीचा हात आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. असे असूनही आमच्या समीक्षेने या वाङ्मयावर ‘धार्मिक’ अशी चिठ्ठी लावून ते बहुधा बाजूस ठेविले. प्रस्तुत लेखात योहानाच्या नावावर असलेल्या चौथ्या शुभवर्तमानाचा, ग्रंथ म्हणून आणि एका विवक्षित प्रश्नापुरता, विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

तो प्रश्न असा. या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात, अटकेच्या आदल्या घटकेस, येशू एक दीर्घ प्रार्थना करतो. आपल्या अनुयायांनी एक असावे, हे तिचे मुख्य मागणे होय. विसाव्या शतकातील चर्चच्या ऐक्याच्या चळवळीने हीच प्रार्थना आपला आधार मानिली. आपल्या देशात 1947 साली दक्षिण भारतातील आणि 1970 साली नागपूर येथे उत्तर भारतातील निरनिराळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र आले, तेही याच आकांक्षेने. पण त्याच शतकात दुसरा एक वाद उभा राहिला, तो स्त्रीने चर्चमध्ये अधिकाराने सेवा करावी की नाही, हा. दक्षिण भारताच्या चर्चने 1976 साली स्त्रीला दीक्षित आचार्यपद दिले. 1994 साली इंग्लंडच्या चर्चने तेच केले, आणि त्याच वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमन चर्चला तसे करण्याचा अधिकारच नाही, असा निर्णय जाहीर केला. या वादात एक युक्तिवाद वारंवार पुढे येतो: स्त्रियांना हे पद दिल्याने पंथापंथांतील अंतर वाढेल, म्हणून ऐक्यासाठी तरी त्यांनी थांबावे. ऐक्याचा आधार म्हणून जो ग्रंथ पुढे केला जातो, तो या युक्तिवादाच्या बाजूने साक्ष देतो काय, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

प्रथम ‘ऐक्य’ या शब्दाकडे वळू. प्रार्थनेतील ‘एक’ हा मूळ ग्रीक शब्द नपुंसकलिंगी आहे. मराठीतील ‘एक’ तिन्ही लिंगी सारखाच असल्यामुळे ही छटा आपल्या भाषांतरात दिसू शकत नाही. सर्वांनी मिळून एकच व्यक्ती व्हावे, एकाने इतरांना आपल्यात जिरवून टाकावे, असा येथे आशय नाही. पिता व पुत्र यांचे जे नाते, त्याच्या नमुन्यावरचे ऐक्य येथे मागितले आहे, आणि त्या नात्यात दोघेही वेगळे राहतात. आपल्याकडे एकी आणि एकसारखेपणा यांत आपण जो फरक करतो, तोच येथे आहे.

दहाव्या अध्यायातील मेंढपाळाच्या दृष्टान्तावरून हे अधिक स्पष्ट होते. तेथे ग्रंथकार दोन निरनिराळे शब्द योजितो, एक मेंढवाड्यासाठी आणि दुसरा कळपासाठी. निरनिराळ्या वाड्यांतील मेंढरे शेवटी एक कळप होतील, असे त्याचे म्हणणे आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात मात्र दोन्ही ठिकाणी मेंढवाड्याचाच शब्द पडला. 1611 च्या इंग्रजी भाषांतराने तोच अर्थ उचलिला, आणि 1881 च्या सुधारित आवृत्तीने तो दुरुस्त केला. हा भेद किरकोळ नव्हे. वाडा कुंपणाने एक असतो, तर कळप मेंढपाळाचा आवाज ओळखण्याने एक होतो. वाड्यात कोण आत आणि कोण बाहेर हे दारवान ठरवितो. कळपात ते ऐकण्यावर ठरते. तेव्हा चौथ्या शुभवर्तमानातील ऐक्य हे ऐकण्याचे आणि ऐकविण्याचे ऐक्य आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता हे ऐकविण्याचे काम या ग्रंथात कोण करिते, ते पाहू. चौथ्या अध्यायात येशू शोमरोनातील सुखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी थकून बसलेला आहे. पाणी भरण्यास आलेल्या एका शोमरोनी स्त्रीपाशी तो पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात रोटीपाण्याचा व्यवहार नव्हता. पाणवठा आणि विटाळ यांचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या मागणीचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. परत आलेल्या शिष्यांना नवल वाटते ते मात्र शोमरोनी माणसाशी बोलण्याचे नव्हे, तर बाईमाणसाशी बोलण्याचे. आणि तरीही कोणी तोंड उघडून विचारीत नाही, अशी नोंद ग्रंथकार करून ठेवितो. संभाषणही साधे नाही. उपासना कोणत्या डोंगरावर करावी, हा दोन समाजांना विभागणारा नेमका प्रश्न ती बाई काढते. म्हणजे ऐक्याचा प्रश्न या ग्रंथात प्रथम एका स्त्रीच्या तोंडून उपस्थित होतो. पुढे ती आपली घागर तेथेच टाकून गावात जाते आणि लोकांना सांगते, आणि तिच्या सांगण्यावरून पुष्कळ गावकरी विश्वास ठेवितात.

या ‘तिच्या सांगण्यावरून’साठी ग्रंथकाराने जी शब्दरचना केली आहे, तिच्यावर आमच्या विवेचनाचा सारा भार आहे. सतराव्या अध्यायातील प्रार्थनेत येशू केवळ समोरच्या शिष्यांसाठी मागत नाही. त्यांच्या वचनावरून पुढे जे विश्वास ठेवितील, त्यांच्यासाठीही तो मागतो, आणि त्या सर्वांनी एक व्हावे असे म्हणतो. दोन्ही ठिकाणी क्रियापद तेच आहे, शब्दयोगी अव्यय तेच आहे आणि नामही तेच आहे. फरक आहे तो केवळ विभक्तीचा. ते नाम ‘लोगोस’ हे होय, आणि ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात आदिशब्दासाठी तेच आले आहे. दुसऱ्याच्या वचनावरून लोकांनी विश्वास ठेवावा आणि विभागलेले समाज त्यातून एकत्र यावे, ही प्रार्थनेतील अपेक्षा ग्रंथात आधीच एकदा प्रत्यक्ष घडून गेलेली आहे. ती शोमरोनात घडली आणि तिचे साधन एक स्त्री होती. ऐक्याच्या प्रार्थनेची व्याख्या करताना हा प्रसंग वगळणे म्हणजे ग्रंथकाराने स्वतः दिलेले उदाहरण वगळणे होय.

यावर एक आक्षेप घेता येईल. त्याच प्रसंगाच्या शेवटी गावकरी त्या बाईला सांगतात की, आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावर अवलंबून नाही, आम्ही स्वतः ऐकिले आहे. येथे गावकऱ्यांच्या तोंडी ‘लोगोस’ नसून ‘लालिआ’, म्हणजे नुसते बोलणे, हा शब्द आहे. यावरून तिची साक्ष हलकी ठरते, असे काहींस वाटते. आमच्या मते हा निष्कर्ष टिकणारा नाही. एक तर ‘लालिआ’ हा शब्द आठव्या अध्यायात खुद्द येशू आपल्या भाषणासाठी योजितो. दुसरे असे की, गावकरी काहीही म्हणोत, ग्रंथकार स्वतःच्या निवेदनात मात्र तिच्या सांगण्याला ‘लोगोस’ म्हणतो. आणि तिसरे, ऐकणाऱ्याला मूळ आवाजापर्यंत पोहोचवून आपण बाजूस होणे, हेच या ग्रंथात साक्षीदाराचे काम आहे. बाप्तिस्मा करणारा योहानही आपण कमी होत जावे असेच म्हणतो, आणि म्हणून त्याची साक्ष हलकी होती, असे कोणी मानीत नाही.

अकराव्या अध्यायातील मार्थेचे उदाहरण यास जोडून पाहण्यासारखे आहे. येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र, हा कबुलीजबाब मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्राच्या तोंडी येतो आणि त्यावर चर्चच्या अधिकाराची मोठी इमारत उभी राहिली. चौथ्या शुभवर्तमानात त्याच तोलाचे शब्द मार्था उच्चारते, आणि तेही सख्खा भाऊ गेल्याच्या दुःखात. बाराव्या अध्यायात हीच मार्था पंगतीत वाढीत असते. त्या वाढण्यासाठी वापरलेले क्रियापद ज्या धातूचे आहे, त्याच धातूपासून पुढे ‘डीकन’ हे चर्चमधील सेवापदाचे नाव निघाले. मार्था त्या पदावर होती, असे यावरून सिद्ध होत नाही. सेवा हा शब्द मुळात अन्न वाढणाऱ्या हातांचा होता आणि पद नंतर आले, एवढे मात्र सिद्ध होते.

विसाव्या अध्यायातील मग्दालीया मरीयेचा प्रसंग सर्वांस परिचित आहे. रिकामी कबर पाहून पेत्र व दुसरा शिष्य घरी परततात, आणि ती मात्र तेथेच रडत उभी राहते. समोरच्या माणसास ती माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारताच ओळखते. दहाव्या अध्यायातील मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे वाचकाला येथे आठवल्यावाचून राहत नाही. नंतर तिला बांधवांकडे जाऊन सांगण्याची आज्ञा होते. मध्ययुगीन आचार्यांनी तिला प्रेषितांची प्रेषिता म्हटले ते याच कारणाने. पण 591 साली पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात लूकातील पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया या तिघींना एकच ठरविले. तेव्हापासून पश्चिमेकडील चित्रांत व कथांत ती प्रामुख्याने पश्चात्तापी पतिता म्हणून वावरली. रोमन चर्चने 1969 च्या पंचांग-सुधारणेत हे एकीकरण सोडून दिले, आणि 2016 साली तिच्या स्मरणदिनास प्रेषितांच्या सणांची पायरी दिली. एका चुकीच्या वाचनाने साक्षीदार स्त्रीचे चरित्र चौदाशे वर्षे झाकून टाकावे, हे उदाहरण समीक्षेच्या अभ्यासकाने विसरू नये.

येथे आमच्या प्रतिपादनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. हे शुभवर्तमान दीक्षाविधीविषयी काही नियम सांगत नाही. स्त्रीने शिकवू नये अशा आशयाची वचने नव्या करारातील पत्रांत आहेत, आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. बारा शिष्य पुरुष होते, हेही खरे. मात्र या ग्रंथात ‘बारा’ हा शब्द अगदी मोजका येतो, आणि पुनरुत्थानानंतरच्या संध्याकाळी ज्यांना पाठविले जाते, त्यांना ग्रंथकार केवळ ‘शिष्य’ म्हणतो. पदाचा निर्णय येथे नाही. साक्षीचा निर्णय मात्र आहे, आणि तो संदिग्ध नाही.

या दोन्ही प्रश्नांची एकत्र झळ लागलेली व्यक्ती शोधू गेल्यास आपल्याच भाषेत पंडिता रमाबाई भेटतात. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर चेल्टनहॅम येथे असता त्यांनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्या असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांनी त्यास हरकत घेतली. रमाबाईंनी आपल्या पत्रव्यवहारात दिलेले उत्तर मार्मिक आहे. आपल्या आईने व आपण पुरुषांना शिकविले, त्याला आपल्या पित्याने वा पतीने कधी आडकाठी केली नाही, आणि इंग्रज लोकांनी ती करावी, याचे त्यांनी आश्चर्य व्यक्त केले. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या कलकत्त्याच्या पंडितसभेत 1878 साली ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ठरलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आश्चर्याची धार कळते. त्याच रमाबाईंना ख्रिस्ती जगातील पंथांचा गलबला पाहून मोठा गोंधळ वाटला, हेही त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. पुढे केडगावचे मुक्तिसदन त्यांनी कोणत्याही एका पंथाचे होऊ दिले नाही. बायबलचे भाषांतर करताना सामान्य बायाबापड्यांना कळेल अशी भाषा त्यांनी कटाक्षाने योजिली, आणि तेथील छापखान्यात खिळे जुळविण्याचे कामही स्त्रियांनीच केले. पंथांची कुंपणे न मानणे आणि स्त्रीने शिकविणे, ही रमाबाईंच्या बाबतीत दोन कार्ये नव्हती. एकातून दुसरे सहजच निघाले. शोमरोनी स्त्रीच्या प्रसंगाचे याहून समर्पक मराठी भाष्य आम्हांस तरी ठाऊक नाही.

आमच्या शिक्षकबंधुभगिनींना सुचवावेसे वाटते ते इतकेच. हे वाङ्मय वर्गात वा अभ्यासमंडळात वाचावयाचे झाल्यास सतरावा अध्याय एकटा वाचू नये. चौथ्याच्या शेजारी ठेवून वाचावा. प्रार्थनेत मागितलेले ऐक्य कोणाच्या वचनावरून उभे राहते, हे मग विद्यार्थ्यांना आपोआप दिसेल. स्त्रियांना कोणते पद द्यावे, हे ज्या त्या चर्चने आपल्या परंपरेनुसार ठरवावे. तो समीक्षकाचा प्रांत नव्हे. परंतु ऐक्यासाठी स्त्रियांनी गप्प राहावे, असे कोणी या ग्रंथाच्या आधाराने म्हणू लागला, तर तो आधार त्याला मिळत नाही, हे सांगणे समीक्षकाचे काम आहे. या ग्रंथात दोन दुरावलेले समाज एकमेकांजवळ येतात, ते एका बाईने गावात जाऊन बोलण्याचे धाडस केले म्हणून.